प्रवासातील सिलिंडर : भीती स्फोटाची, धोका व्हॉल्व्हचा

नांदेडहून किनवटकडे किंवा लातूरहून निलंग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एखादी छोटी पिकअप पुढे धावताना दिसते. तिच्या हौद्यात काळ्या अंगाचे आणि पांढऱ्या खांद्याचे पाच-सहा सिलिंडर उभे असतात. त्यांच्याभोवती नायलॉनच्या दोरीचा एकच वेढा, तोही बहुधा व्हॉल्व्हच्या मानेवरून घेतलेला. गतिरोधक आला की सिलिंडर एकमेकांवर आदळतात आणि घंटेसारखा आवाज होतो. मागून येणारा दुचाकीस्वार तो आवाज ऐकून ‘फुटला तर?’ असे मनाशी म्हणतो आणि घाईने ओलांडून पुढे निघून जातो.

त्याची भीती अगदीच निराधार नाही. ती फक्त चुकीच्या जागी आहे. वेळच्या वेळी तपासलेला, धडधाकट सिलिंडर रस्त्यावरच्या हादऱ्यांनी सहसा फुटत नाही. पोलादाची किंवा ॲल्युमिनियमची ती जाड भिंत कितीतरी अधिक दाब सोसेल अशीच घडवलेली असते. कच्चा दुवा असतो तो तिच्या डोक्यावर बसवलेला पितळी व्हॉल्व्ह. दुसरा धोका त्याहून साधा आहे. पन्नास-साठ किलोची धातूची वस्तू गाडीत मोकळी असेल, तर गाडी थांबली तरी ती थांबत नाही. सिलिंडरच्या वाहतुकीतील बहुतेक खबरदारी या दोन गोष्टींभोवतीच फिरते, आणि मराठवाड्यातील रस्त्यांवर नेमक्या याच दोन गोष्टींकडे डोळेझाक होताना दिसते.

असे सिलिंडर वाहून नेणारे लोक एकाच प्रकारचे नसतात. खासगी दवाखान्यांना आणि ग्रामीण रुग्णालयांना वैद्यकीय प्राणवायू लागतो. वेल्डिंगच्या कारखान्यांना प्राणवायूबरोबर ॲसिटिलीनही लागतो. विषारी वायू साचलेल्या विहिरीत किंवा धुराने भरलेल्या गोदामात उतरताना अग्निशमन दलाचे जवान पाठीवर हवेचा सिलिंडर बांधतात. शिवाय पाणबुड्यांच्या टाक्या आहेतच. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या जिल्ह्यांत स्कूबाच्या टाक्यांचे काय काम, असा प्रश्न कोणाला पडेल. गोदावरी, मांजरा आणि मन्याड या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांना त्याचे उत्तर वेगळे सांगावे लागत नाही. बुडालेल्याचा शोध असो की धरणाच्या दरवाजाची पाण्याखालची पाहणी, टाकी लावून उतरणारा माणूस बहुधा बाहेरूनच येतो आणि त्याचे साहित्य शेकडो किलोमीटर रस्त्याने येते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील रावणगाव, हसनाळ या भागांत पुराने हाहाकार उडवला, तेव्हाही राज्य आपत्ती प्रतिसाद दल आणि लष्कराचे जवान यांना बाहेरूनच बोलवावे लागले होते. अशा वेळी वाहन घाईत भरले जाते, रात्री निघते आणि उखडलेल्या रस्त्याने धावते. सामान नीट बांधण्याची सवय आधीच अंगवळणी पडलेली नसेल, तर त्या घाईत ती सुचत नाही.

२०२१ चा उन्हाळा तर सर्वांच्याच स्मरणात आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत एप्रिल आणि मे महिन्यांत राज्यभर प्राणवायूची ओढाताण झाली. सिलिंडर मिळाला की तो मिळेल त्या वाहनातून, मोटारीच्या मागच्या आसनावर टाकून, प्रसंगी ऑटोरिक्षातूनही नेला गेला. त्या दिवसांत बांधाबांधीचा विचार करायला कोणाला उसंत नव्हती आणि त्याबद्दल कोणाला दोषही देता येणार नाही. पुढे अनेक शासकीय रुग्णालयांत हवेतून प्राणवायू वेगळा करणारे प्रकल्प उभे राहिले. तरी लहान दवाखाने, रुग्णवाहिका आणि घरी उपचार घेणारे रुग्ण यांच्यासाठी सिलिंडरची ये-जा सुरूच राहिली, आणि घाईच्या काळात लागलेल्या काही सवयीही तिच्याबरोबर टिकून राहिल्या.

दाब म्हणजे नेमका किती?

दाबाचा अंदाज यावा म्हणून घरातल्या वस्तूंपासून सुरुवात केलेली बरी. मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब साधारण दोन-सव्वादोन बार असतो. स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर घरात ठेवायला अनेकांना धास्ती वाटते. त्याच्या आतील दाब हवामानानुसार पाच ते आठ बारच्या आसपास राहतो. प्राणवायूच्या मोठ्या सिलिंडरमध्ये हाच आकडा दीडशे बार असतो. बाजारात त्याला ‘जम्बो’ म्हणतात. त्यात सुमारे सत्तेचाळीस लिटर पाणी मावेल इतकी जागा असते आणि तेवढ्या जागेत सात घनमीटर प्राणवायू दाबून बसवलेला असतो. पाणबुड्याची नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी अकरा लिटरची असते आणि तिच्यात दोनशे बारहून थोडा अधिक दाब असतो. अग्निशमन दलाच्या श्वसनसंचातील सिलिंडर आकाराने आणखी लहान, पण अनेकदा तीनशे बारचा असतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरला जपणारे हात यांच्याकडे ‘ही नुसती हवाच तर आहे’ म्हणून दुर्लक्ष करतात, हा मोठा विरोधाभास आहे. वायू जळणारा आहे की नाही, हा वेगळा प्रश्न. दाबामुळे साठलेली शक्ती त्या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहत नाही.

ती शक्ती किती, याचा हिशेब करता येतो. दोनशे बारला भरलेली पाणबुड्याची एक टाकी क्षणात मोकळी झाली, तर सुमारे चार लाख ज्यूल ऊर्जा बाहेर पडेल. एक टन वजनाची मोटार ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावत असताना तिच्या अंगी जवळपास इतकीच ऊर्जा असते. म्हणजे डिकीत अशी एक टाकी असणे याचा अर्थ, भरधाव मोटारीचा जोर त्या लहानशा नळकांड्यात बंद करून सोबत नेणे.

सीएनजीवर चालणाऱ्या मोटारीचे उदाहरण येथे उपयोगी पडते. तिच्या डिकीतील सिलिंडरचा दाबही दोनशे बारच्याच घरात असतो. तो पोलादी पट्ट्यांनी आणि बोल्टांनी गाडीच्या सांगाड्याला जखडलेला असतो, त्याचा व्हॉल्व्ह सुरक्षित बाजूला असतो आणि ठरलेल्या मुदतीने त्याची तपासणी होते. तो सिलिंडर डिकीत मोकळा ठेवून गाडी चालवायची कल्पना कोणी करत नाही. त्याच दाबाची दुसरी टाकी मात्र त्याच डिकीत चादरीत गुंडाळून ठेवली जाते.

व्हॉल्व्ह मोडला तर

सिलिंडर आडवा पडला आणि त्याचे डोके हौद्याच्या कडेवर किंवा दुसऱ्या सिलिंडरवर आपटले, तर सारा मार पितळी व्हॉल्व्हवर येतो. व्हॉल्व्ह नुसता वाकला तर वायू शिट्टीसारखा आवाज करत निसटतो. घबराट होते, पण बहुतेक वेळा तेवढ्यावर निभावते. तो मानेपासून तुटला तर गोष्ट वेगळी. समजा, एक चौरस सेंटीमीटरचे भोक उघडले. दीडशे बार दाबाला त्या भोकातून मिळणारा रेटा किमान दीडशे किलो वजनाइतका असतो. भरलेल्या जम्बो सिलिंडरचे वजन साठ-पासष्ट किलोच्या आसपास असते. आपल्या वजनाच्या दुपटीहून अधिक रेटा मिळालेली वस्तू जागेवर राहत नाही. पाणबुड्याच्या टाकीचे वजन भरलेल्या अवस्थेतही सतरा किलोच्या आत असते, तर रेटा दोनशे किलोचा. म्हणजे वजनाच्या दहापटीहून जास्त. ती फुटत नाही, ती सुटते. दिवाळीतील बाणाचे तत्त्व तेच आहे, फक्त येथे बाण धातूचा असतो.

‘जॉज’ या १९७५ च्या प्रसिद्ध चित्रपटाच्या शेवटी माशाच्या तोंडातील टाकीवर गोळी झाडली जाते आणि प्रचंड स्फोट होतो. ‘मिथबस्टर्स’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतील मंडळींनी हा प्रसंग करून पाहिला, तेव्हा स्फोट झालाच नाही. भोक पडलेली टाकी सुसाट निघून गेली. पुढे त्यांनीच व्हॉल्व्ह तोडलेला सिलिंडर काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंतीवर सोडला आणि तो भिंत फोडून पलीकडे गेला. चित्रपटाने लोकांच्या मनात स्फोटाची भीती रुजवली, खरे संकट मात्र पडद्याबाहेरच राहिले.

याचे अधिक गंभीर उदाहरण विमानवाहतुकीत घडले. २५ जुलै २००८ रोजी हाँगकाँगहून मेलबर्नला निघालेल्या क्वांटास कंपनीच्या विमानात मालकक्षाच्या बाजूला बसवलेला आपत्कालीन प्राणवायूचा एक सिलिंडर आकाशातच फुटला. विमानाच्या अंगाला भगदाड पडले. सिलिंडर प्रवासी कक्षाचा तळ भेदून वर आला, दरवाजाच्या मुठीवर आदळला आणि अखेर त्या भगदाडातून बाहेर फेकला गेला. साडेतीनशेहून अधिक माणसे घेऊन विमान मनिलाला सुखरूप उतरले, कोणालाही इजा झाली नाही. तो सिलिंडर नियमाप्रमाणे जखडलेला होता, तरी इतके झाले. पिकअपच्या हौद्यात उभ्या असलेल्या मोकळ्या सिलिंडरला अडवायला काय आहे, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो.

म्हणूनच मोठ्या सिलिंडरला लोखंडी टोपी दिलेली असते. व्हॉल्व्ह बंद करायचा, रेग्युलेटर काढायचा आणि टोपी आटे बसेपर्यंत फिरवून मगच सिलिंडर हलवायचा, हा क्रम आहे. पुष्कळ ठिकाणी टोप्या हरवलेल्या असतात किंवा प्रत्येक वेळी काढण्या-घालण्याचा कंटाळा म्हणून कोपऱ्यात पडून असतात. भरणा केंद्रातून सिलिंडर ताब्यात घेताना टोपी मागून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे. तो क्वचितच कोणी बजावतो. रेग्युलेटर तसाच ठेवून सिलिंडर नेण्याची सवय तर अधिकच घातक म्हणावी लागेल. बाहेर आलेला तो लांबट भाग तरफेसारखे काम करतो आणि हलका धक्काही व्हॉल्व्हची मान मुरगळायला पुरेसा होतो.

थांबलेली गाडी, न थांबलेला सिलिंडर

तुळजापूरहून लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा या मार्गाने नांदेडकडे आणि पुढे विदर्भात जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ रुंद झाल्यापासून वाहनांचा वेग वाढला आहे. महामार्ग सोडून गावाच्या फाट्यावर वळले की खड्डे आणि गतिरोधक सुरू होतात, आणि मध्येच एखादी म्हैस किंवा उसाची ट्रॉली आडवी येते. करकचून ब्रेक दाबला की वाहनातील प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या जवळपास पाऊणपट जोराने पुढे ढकलली जाते. साठ किलोच्या सिलिंडरवर हा जोर पंचेचाळीस किलोचा असतो. गुळगुळीत पत्र्यावर उभा असलेला सिलिंडर तेवढ्याने सरकतो किंवा कलंडतो. आडवा पडलेला असेल, तर नुसता घरंगळायलाही तो जोर खूप झाला.

अपघातात आकडे फार वेगळे होतात. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार झाडावर आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतील वस्तूंवर त्यांच्या वजनाच्या अठ्ठावीसपट जोर येतो. मागच्या आसनावर ठेवलेली पंधरा किलोची टाकी त्या क्षणी चारशे किलोहून अधिक जोराने पुढच्या माणसाच्या पाठीवर जाते. यासाठी व्हॉल्व्ह मोडण्याची गरज नाही आणि टाकीत हवा असण्याचीही नाही. रिकामी टाकीही तेवढीच भारी पडते.

‘रिकामा’ हा शब्दच या व्यवसायात फसवा आहे. जम्बो सिलिंडरमधील सगळा प्राणवायू वजनात जेमतेम नऊ-साडेनऊ किलो भरतो. भरलेला आणि रिकामा सिलिंडर यांतला फरक हमालाच्या खांद्यालाही पुरता कळत नाही. शिवाय वापरून परत आलेल्या सिलिंडरमध्ये थोडा दाब उरलेलाच असतो आणि तो उरायलाही हवा. व्हॉल्व्ह उघडा राहिला तर आत दमट हवा शिरते आणि पोलाद आतून गंजू लागते. पाणबुडेही याच कारणासाठी टाकी पूर्ण रिकामी करत नाहीत. तरीही परतीच्या फेरीत हे सिलिंडर लाकडाच्या ओंडक्यांसारखे टाकले जातात. भरलेले असताना बांधायचे आणि रिकामे झाले की सोडून द्यायचे, ही पद्धत वर सांगितलेल्या हिशेबात कुठेही बसत नाही.

बांधायचा तो कसा?

भारतात या विषयाचे नियम स्पष्ट आहेत. १८८४ च्या स्फोटके कायद्याखाली गॅस सिलिंडर नियम करण्यात आले आहेत. सध्याचे नियम २०१६ चे असून त्यांची अंमलबजावणी पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना करते. या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. नियमांचा आशय सोपा आहे. दाबाखालील वायूने भरलेला सिलिंडर सायकलवरून किंवा कोणत्याही दुचाकीवरून नेता येत नाही. तो वाहनाच्या बाजूंबाहेर किंवा मागे डोकावता कामा नये. वाहनाच्या आत टोकदार भाग नसावेत. सिलिंडर हलणार नाहीत, एकमेकांवर आदळणार नाहीत आणि पडणार नाहीत अशा रीतीने ते अडवून, टेकू देऊन पक्के करावेत. फार ज्वालाग्राही किंवा गंज चढवणाऱ्या पदार्थांबरोबर ते नेऊ नयेत. चढवता-उतरवताना चुंबकाने उचलू नयेत. नायलॉनच्या एका वेढ्याने यांतील कोणती अट पूर्ण होते, हे वाचकांनीच ठरवावे.

नियमातील ‘अडवून, टेकू देऊन’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दोरी सिलिंडरला फार तर कलंडण्यापासून वाचवते. घसरण्यापासून आणि घरंगळण्यापासून वाचवतो तो टेकू. सिलिंडर उभे न्यायचे असतील, तर हौद्याच्या पुढच्या भिंतीला, चालकाच्या केबिनच्या मागे, लोखंडी चौकट बसवून घेणे उत्तम. त्याला फार खर्च येत नाही; गावातला वेल्डिंगवाला अर्ध्या दिवसात ती करून देतो. चौकट रिकामी राहत असेल तर उरलेली जागा लाकडी ठोकळ्यांनी भरावी. मग पट्टा बांधावा. पट्टे दोन हवेत. एक सिलिंडरच्या उंचीच्या वरच्या तिसऱ्या भागात, खांद्याच्या खाली. दुसरा खालच्या तिसऱ्या भागात. ते हौद्याच्या लोखंडी कड्यांत अडकवावेत, फळकुटाच्या खिळ्याला नव्हे. व्हॉल्व्हवरून, टोपीवरून किंवा रेग्युलेटरवरून पट्टा घेऊ नये. ट्रकवाले वापरतात तो खटका असलेला, ओढून घट्ट होणारा पट्टा नायलॉनच्या दोरीपेक्षा केव्हाही चांगला. नायलॉन ताणला जातो, आणि दहा किलोमीटर हादरे बसल्यावर सुरुवातीची घट्ट गाठ सैल झालेली असते. जुने चालक पहिल्या चहाच्या थांब्यावर दोऱ्या ओढून पाहतात. ती सवय अनुभवातून आलेली आहे.

आडवे न्यायचे असतील तर दिशेचा प्रश्न येतो आणि त्यावर चालकांमध्ये बरेच वाद रंगतात. रस्त्यावरील धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी युरोपातील देशांनी १९५७ मध्ये जिनिव्हा येथे एक करार केला. त्यातील तरतुदीनुसार आडवे सिलिंडर वाहनाच्या लांबीला समांतर किंवा काटकोनात ठेवता येतात. मात्र पुढच्या भिंतीजवळचे सिलिंडर काटकोनातच असावेत. यामागचा तर्क सहज पटणारा आहे. लांबीच्या दिशेने ठेवलेला सिलिंडर ब्रेक लागताच भाल्यासारखा टोकाने पुढे घुसतो. रुंदीच्या दिशेने ठेवलेला पुढे आलाच, तर संपूर्ण अंगाने भिंतीला टेकतो आणि मार पसरतो. रुंदीत ठेवलेला सिलिंडर घरंगळतो हे खरे. त्यासाठी दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकाव्यात. सगळ्यांची डोकी एकाच बाजूला आली म्हणजे व्हॉल्व्हवर दुसऱ्याच्या बुडाचा घाव बसत नाही.

सगळे सिलिंडर आडवे नेता येत नाहीत, ही गोष्ट वेल्डिंगवाल्यांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी. प्राणवायू आणि हवा नुसत्या वायुरूपात असतात. त्यांना उभे-आडवे सारखेच. ॲसिटिलीनच्या तपकिरी-लाल सिलिंडरमध्ये तो वायू ॲसिटोन या द्रवात विरघळवलेला असतो, आणि आडवा केला की द्रव व्हॉल्व्हकडे येतो. स्वयंपाकाच्या गॅसचेही तसेच. हे दोन्ही नेहमी उभेच हवेत. एकाच हौद्यात प्राणवायू आडवा आणि ॲसिटिलीन त्यावर टेकवलेला, असे दृश्य एमआयडीसीच्या रस्त्यावर नवे नाही. एक वायू जळणारा, दुसरा जळण्याला जोर देणारा. या दोघांमध्ये अंतर हवे.

तेलकट पोते

प्राणवायू स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला तो वेड लावतो. दाबाखालील शुद्ध प्राणवायूचा तेलाशी किंवा ग्रीसशी संबंध आला, तर ठिणगीवाचूनही पेट घेण्याची शक्यता असते. लातूर ही सोयाबीनची आणि डाळीची मोठी बाजारपेठ. सकाळी मोंढ्यात तेलाचे डबे किंवा पेंडीची पोती उतरवलेली पिकअप दुपारी प्राणवायू आणायला जाते. सिलिंडर आपटू नयेत म्हणून चालक चांगल्या हेतूने तीच जुनी पोती खाली अंथरतो. सिलिंडर मऊ जागी बसतो खरा, पण व्हॉल्व्हपाशी तेल पोहोचते. त्यापेक्षा रबराची स्वच्छ चटई किंवा लाकडी फळ्या वापराव्यात. व्हॉल्व्ह घट्ट बसतो म्हणून त्याला तेल देणे, ग्रीस माखलेल्या हाताने किंवा गॅरेजमधल्या पान्याने तो फिरवणे, हे प्रकार प्राणवायूच्या बाबतीत सर्वथा वर्ज्य आहेत.

बंद मोटारीतून प्राणवायू नेताना काचा थोड्या उघड्या ठेवाव्यात. बारीक गळतीनेही बंद जागेत प्राणवायूचे प्रमाण वाढते. आसनाचे कापड, केस, अंगावरचे कपडे तो शोषून घेतात आणि विडीची ठिणगी पुरते. वातानुकूलन यंत्रणा आतलीच हवा फिरवत असेल तर धोका वाढतो. अशा वाहनात कोणीही विडी-सिगारेट पेटवू नये. साध्या हवेच्या टाकीला हा नियम तितका कडक लागू होत नाही; पण आपल्या हातातील नळकांड्यात हवा आहे की प्राणवायू, हे रंगावरून आणि चिठ्ठीवरून आधी पाहून घ्यावे.

उन्हाबद्दल लोकांचा समज थोडा अतिशयोक्त आहे. मे महिन्यात उभ्या मोटारीच्या आतील तापमान पासष्ट अंशांपर्यंत गेले, तर वीस अंशांना दोनशे बार असलेली टाकी सुमारे दोनशे तीस बारवर जाते. निरोगी टाकी हे सहज सोसते. तिची चाचणीच नेहमीच्या दाबाच्या सुमारे दीडपट किंवा त्याहून अधिक दाबाला झालेली असते. तरीही सावली आणि ताडपत्री हवीच. प्रत्येक टाकी निरोगी असतेच असे नाही, आणि काठोकाठ भरलेल्या टाकीला आणखी ताण देण्यात शहाणपण नाही.

आगीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तेथे भिंतच कमकुवत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगावजवळ गर्भवती महिलेला घेऊन निघालेल्या एका रुग्णवाहिकेच्या इंजिनातून धूर निघू लागला. चालकाने गाडी थांबवून सर्वांना खाली उतरवले आणि दूर जायला सांगितले. काही वेळात गाडीने पेट घेतला आणि आतील प्राणवायूच्या सिलिंडरचा इतका भीषण स्फोट झाला की आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. जीवितहानी झाली नाही, याचे श्रेय त्या चालकाला द्यावे लागेल. पेटलेल्या गाडीतून सिलिंडर बाहेर काढण्याचा मोह त्याने धरला नाही. आगीत सापडलेली टाकी वरवर धड दिसली तरी ती पुन्हा भरू नये. ॲल्युमिनियमची टाकी तर पावणेदोनशे अंशांहून अधिक तापली की बाद समजली जाते, कारण त्या धातूचे बळ तेवढ्यानेच उतरते.

पाणबुड्याच्या टाकीचे चोचले

स्कूबाच्या टाक्यांना टोपी नसते. व्हॉल्व्हचे तोंड प्लॅस्टिकच्या बुचाने झाकतात, पण ते धुळीसाठी. माराला त्याचा उपयोग नाही. म्हणून मोटारीतून नेताना ही टाकी कधीही उभी ठेवू नये. सपाट बुडाची ॲल्युमिनियमची टाकी स्थिर दिसते आणि पहिल्याच वळणावर पडते. तिला डिकीत, मागच्या आसनाच्या पाठीला बिलगून, रुंदीच्या दिशेने आडवे ठेवावे. दोन्ही बाजूंना पाचरी द्याव्यात आणि डिकीतील कड्यांना पट्ट्याने जखडावे. व्हॉल्व्हच्या बाजूला मऊ सामान असावे. शिशाची वजने, जॅक, पाने यांपैकी काहीही तिथे नसावे. टाकीला रेग्युलेटर जोडून ठेवू नये. अनेक टाक्या असतील तर त्यांच्यामध्ये रबरी कडी घालावीत, म्हणजे धातूवर धातू घासत नाही. कोकणात तारकर्ली-मालवणला बुडी मारायला जाणाऱ्या हौशी मंडळींना यापैकी काहीच करावे लागत नाही, कारण तिथे टाकी जागेवर मिळते. ती घरून नेण्याचा खटाटोप कोणी करत असेल तर तो न केलेलाच बरा.

रुग्णवाहिकेतील मोठा सिलिंडर बहुधा कंसात बसवलेला असतो. गोंधळ होतो तो लहान सिलिंडरचा. रुग्णाला वॉर्डातून खाली आणताना तो सोबत येतो आणि स्ट्रेचरवर, रुग्णाच्या पायांमध्ये किंवा नातेवाइकाच्या मांडीवर तसाच राहतो. उदगीर किंवा देगलूरहून जिल्ह्याच्या ठिकाणी येईपर्यंतचा तास-दोन तासांचा प्रवास तो असाच करतो. गाडी निघण्यापूर्वी त्याला पट्ट्यात अडकवायला अर्धे मिनिट लागते. हे काम चालकाचे की सोबतच्या परिचारकाचे, हे आधीच ठरलेले असावे.

उरतो तो उतरवण्याचा भाग. दुखापती बहुतेक याच वेळी होतात, आणि त्यांची बातमी होत नाही. जमिनीवर जुना टायर टाकायचा आणि हौद्यातून सिलिंडर त्यावर सोडून द्यायचा, ही पद्धत सर्रास चालते. टायरने दणका कमी होतो. पण उसळलेला सिलिंडर कुठे जाईल, हे कोणाच्या हातात नसते. त्याखाली बोटे आणि पाय सापडतात. हौद्याच्या उंचीचा ओटा, नाहीतर दोन माणसे आणि साखळीची दोन चाकी ढकलगाडी, यांनी काम भागते. उतरवलेला सिलिंडर लगेच भिंतीला साखळीने अडकवावा. मग खांद्यावर कोरलेली शेवटच्या चाचणीची तारीख पाहावी. प्राणवायूच्या सिलिंडरची पाण्याच्या दाबाने करायची चाचणी साधारण दर पाच वर्षांनी व्हावी लागते. मुदत उलटून गेलेली असेल, खोल पोचे असतील किंवा बुडाशी गंजाचे पापुद्रे सुटलेले असतील, तर तो सिलिंडर न वापरता पुरवठादाराकडे परत पाठवावा. जातानाही टोपी लावून आणि बांधूनच.